रोजचा मेळ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

— सोसायटीचे एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त बँक अधिकारी



उत्सव समितीने मला ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मुदत ठेवींचे दर वर्तमानपत्रात येतात, त्यासाठी मला माइकसमोर कशाला उभं करता? मी पैशांऐवजी दिवसाच्या हिशोबावर बोलतो. बँकेत खात्यावर पैसे नसले तरी ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. दिवसावर ओव्हरड्राफ्ट देणारी बँक अजून निघालेली नाही.

आपल्या सोसायटीत दोन प्रकारची माणसं आहेत. सकाळी सव्वासातला लिफ्टपाशी धावणारी मंडळी म्हणतात, “काका, वेळच पुरत नाही.” आणि संध्याकाळी गेटपाशी बाकावर बसणारे आम्ही म्हणतो, “वेळच जात नाही.” तक्रारी उलट्या आहेत, पण रात्री दिवा मालवताना दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : आज दिवसभरात नक्की काय झालं? या प्रश्नाचं उत्तर देता येईल अशी एक साधी सवय मला बँकेनं लावली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

कामांची यादी सगळेच करतात. कुणी मोबाईलमध्ये, कुणी पाकिटाच्या मागे, कुणी फ्रिजवर चिकटवून. तरी कामं राहतात. कारण आपण यादी करतो, मेळ घालत नाही. सकाळी यादी करणं हे अर्धंच काम आहे. संध्याकाळी त्या यादीचा हिशोब पुरा करणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं.

बँकेतला दिवस

मी १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०११ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सुरुवातीची बरीच वर्षं सगळं काम हातानं होतं. मोठमोठी लेजर, व्हाउचरचे गठ्ठे, पितळी टोकनं. तरुण मुलांना हे ऐतिहासिक मालिकेतलं वाटेल, पण त्या पद्धतीत एक शहाणपण होतं.

सकाळी तिजोरी उघडायची ती दोन किल्ल्यांनी. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. काल रात्रीची अखेरची शिल्लक हीच आजची आरंभीची शिल्लक. दिवसभर पैसे येत, पैसे जात. लोकांना वाटायचं, दुपारी काउंटर बंद झाला की बँकवाल्यांची मजा. खरी परीक्षा तेव्हा सुरू व्हायची. हातातली रोकड मोजायची आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघायची. दहा रुपये कमी भरले तरी सगळी शाखा थांबायची. आणि दहा रुपये जास्त निघाले तर? तरीही थांबायची. जास्त निघाले म्हणजे कुणाला तरी कमी गेलेत. बँकेत दोन्ही चूकच.

एक गंमत सांगतो, मुलांनो, तुम्ही घरी करून बघा. आकडे जुळले नाहीत की जुने कारकून आधी बघायचे, फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का. जात असेल तर बहुधा कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असते. ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक येतो ९०. ८१ च्या जागी १८ लिहिलं की ६३. दोन्हीला ९ ने भाग जातो. म्हणजे फरक नुसता त्रास देत नाही, तो बोलतो, चूक कुठे शोधायची ते सांगतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

ही पद्धत इंग्रजांनी आपल्याला शिकवली असं मात्र समजू नका. रोजचा जमाखर्च लिहायची ती कीर्द आणि त्यावरून खातेवार मांडायची ती खतावणी, हे आपल्या पेढ्यांवरचे जुने शब्द आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी वाचून आजही इतिहासकार त्या काळाचं चित्र उभं करतात. दिवसाचं त्या दिवशीच लिहायचं आणि ताळा घ्यायचा, ही शिस्त आपल्या मातीतली आहे. आपण ती पैशापुरती ठेवली, दिवसाला लावली नाही, इतकंच.

कामाच्या तीनच गती

दिवसाचा मेळ घालायचा म्हणजे काय करायचं? संध्याकाळी दहा मिनिटं वही घेऊन बसायचं. सकाळच्या यादीतलं एकेक काम घ्यायचं. त्याची गती तीनपैकी एक. झालं असेल तर बरोबरची खूण. झालं नसेल पण करायचं असेल तर पुढे ओढायचं, पण पुढची तारीख घालून. आणि आता करायची गरजच उरली नसेल तर सरळ काट. चौथी गती नाही. ‘बघू’ ही गती नाही. ‘जमलं तर’ ही गती नाही.

बँकेत ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाचं एक खातं असतं. एखाद्या रकमेचं नक्की काय करायचं ते त्या क्षणी कळत नसेल तर ती तात्पुरती तिथे टाकतात. सोय चांगली आहे, पण धोक्याची. ऑडिटर आला की आधी तेच खातं उघडायचा. प्रत्येक नोंद किती दिवसांची आहे हे विचारायचा. जुनी नोंद दिसली की भुवया वर.

आपल्या प्रत्येकाचं असं एक सस्पेन्स खातं असतं. माळा आवरायचा आहे. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. गावच्या जमिनीचा सातबारा बघायचा आहे. धाकट्या बहिणीशी नीट बोलायचं आहे. या नोंदी वर्षानुवर्षं तिथे पडून असतात आणि आपल्या मनाला ऑडिटर नसतो. संध्याकाळची दहा मिनिटं म्हणजे आपणच आपले ऑडिटर.

“माझ्या लक्षात राहतं”

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, “मला वही लागत नाही, माझ्या सगळं लक्षात राहतं.” राहत असेल. पण ते लक्षात ठेवायला डोक्याला भाडं पडतं.

ब्लुमा झायगार्निक नावाच्या संशोधक बाईंनी १९२७ साली बर्लिनमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाला पुरी झालेली कामं विसरायला होतात आणि मध्येच तुटलेली कामं जास्त आठवत राहतात, असं त्यांना दिसलं. पुढच्या काळात इतरांच्या सगळ्याच प्रयोगांत तसं आढळलं नाही, हेही सांगायला हवं. पण अर्धवट काम मनात कुरतडत राहतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. २०११ साली अमेरिकेत मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. अपुरं काम दुसऱ्या कामात लुडबुड करतं हे त्यांना दिसलंच, पण ते काम कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवून घेतलं की लुडबुड थांबते, असंही दिसलं. काम झालेलं नसतानाही! पुढची तारीख घालून काम ओढलं की रात्री झोप का लागते, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि वही ही विसराळू माणसाची काठी आहे असंही मानू नका. डॉ. अतुल गवांदे यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मूळ विदर्भातल्या कुटुंबातले, अमेरिकेत सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची १९ मुद्द्यांची एक तपासयादी केली. रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूची, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी बोळे आणि अवजारं मोजली का, असे साधे प्रश्न. जगातल्या ८ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. ही मंडळी काय नवशिकी होती? त्या सर्जनना वहीची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

माझी पद्धत

आता प्रत्यक्ष कृती. मी दोन वह्या ठेवतो.

पहिली, मुदतवही. बँकेत तिला ड्यू डेट डायरी म्हणत. कर्जाच्या कागदपत्रांना साधारण ३ वर्षांची कायदेशीर मुदत असते. त्याआधी कर्जदाराकडून बाकी मान्य असल्याची सही घेतली नाही तर पैसे खरे असूनही कोर्टात वसूल करणं मुश्किल. गहाण मालाचा विमा अमुक तारखेला संपणार, नूतनीकरण झालं नाही आणि आग लागली की संपलं. यातलं काहीच रोज करायचं नसतं, म्हणूनच ते निसटतं. तेव्हा तारीख असलेली कामं रोजच्या यादीत ठेवायची नाहीत. त्यांना स्वतंत्र वही, महिन्यानुसार पानं. आमच्या वयाच्या लोकांसाठी : नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म, आरोग्य विम्याचा हप्ता, मुदत ठेवींच्या तारखा, गॅसची नळी बदलणं, डोळ्यांची तपासणी. नोंद मुदतीच्या दिवशी करायची नाही, पंधरा दिवस आधीच्या पानावर करायची. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर एवढं पुरे.

दुसरी, रोजची वही. साधी दोनशे पानी. रात्री मेळ घातला की तिथेच उद्याची कामं लिहायची. यात चार गोष्टी मी पाळतो.

एक. कामं पाचच. सहावं सुचलं तर पाचातलं एक काढायचं. पंधरा कामांची यादी ही यादी नसते, ते इच्छापत्र असतं.

दोन. काम असं लिहायचं की वाचल्यावर हात हलला पाहिजे. ‘इन्कम टॅक्स’ असं लिहून काही होत नाही. ‘बँकेतून व्याजाचं सर्टिफिकेट आणणे’ असं लिहिलं की पायात चपला चढतात.

तीन. वेळेच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही. कॅनडातला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांच्या वर गेले. सगळं बिघडलं तर लागेल त्याहूनही जास्त! आपलं घराचं रंगकाम आठवा. म्हणून मी माझ्या अंदाजाला दीडपट करतो आणि दुपारचा काही वेळ मुद्दाम मोकळा ठेवतो. पाहुणा येतो, नळ गळतो, नातवाला प्रकल्पासाठी थर्माकोल हवा असतो. दिवस काठोकाठ भरला की पहिल्याच धक्क्याला सांडतो.

चार. एकच काम तीनदा पुढे ओढलं गेलं की थांबायचं. मघाचा ९ चा भाग आठवतोय? फरक बोलतो. तीनदा ओढलेलं काम काहीतरी सांगत असतं. ते फार मोठं असेल, तर तुकडे करायचे. त्यासाठी लागणारी एखादी वस्तू किंवा माहिती हाताशी नसेल, तर आधी ती मिळवायची. ते खरं तर दुसऱ्याचं असेल, तर त्याला सांगायचं. किंवा आपल्याला ते करायचंच नसेल, तर तसं स्वतःशी कबूल करून काट मारायची.

माझ्या एका स्नेह्यांच्या यादीत ‘मृत्युपत्र’ हा शब्द कित्येक महिने होता. भीती होती असं नाही, शब्दच एवढा मोठा की हात पुढे जाईना. आम्ही दोघांनी बसून त्याचे तुकडे केले. सोमवारी फक्त मालमत्तेची यादी. गुरुवारी बायकोशी बोलणं. पुढच्या आठवड्यात कच्चा मसुदा. मग दोन साक्षीदार ठरवणं, कारण मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही, हे कळल्यावर अर्धं ओझं तिथेच उतरलं. तीन आठवड्यांत सही झाली. त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं, “मेळ बसला हो.”

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

हे सगळं मी बँकेत शिकलो असं म्हणालो, पण आपल्या घरांतली सगळ्यात जुनी नोंदवही स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, म्हणजे माझी आणि त्याची नोकरी एकाच वर्षीची! आमच्या घरी त्याच्या प्रत्येक चौकोनात आमच्या सौभाग्यवतींचं बारीक अक्षर असायचं. दुधाचा खाडा, कामवाल्या बाईंचा खाडा, पेपरचा खाडा, सिलिंडर लावला ती तारीख, चक्कीवर दिलेले गहू. महिनाअखेर दूधवाला दारात उभा राहिला की तोंडी हिशोब पाच सेकंदांत. रुपयाचा फरक नाही. भगिनींनो, तुम्हाला मी काय शिकवणार! तुम्ही हे करतच आला आहात. फरक एवढाच की त्या कॅलेंडरवर सगळ्या घराची कामं असतात, आणि ज्या बाईचं अक्षर असतं तिचं स्वतःचं काम क्वचितच असतं. पाच कामांतलं एक तरी स्वतःचं असू द्या, ही माझी विनंती.

पुढे तिच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या : दिवसाला पाणी दीड लिटरच, गोळ्या वेळेवर, आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, कारण ते अंगात साठलेलं पाणी असतं. हा आकडा तिच्यासाठी होता. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मी एक वही केली. तारीख, वजन, किती पेले पाणी, कोणती गोळी किती वाजता, कुणी दिली. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण दिवसा मदतनीस बाई असायच्या, संध्याकाळी सूनबाई आणि रात्री मी. रोज रात्री नऊला मेळ. गोळ्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि वहीशी ताडायच्या. एकदा उरलेल्या गोळ्या वहीपेक्षा एकनं कमी भरल्या. विचारल्यावर कळलं, सकाळची गोळी दोनदा दिली गेली होती, एकदा बाईंकडून आणि एकदा सूनबाईंकडून. दोघींचा हेतू चांगलाच. डॉक्टरांना त्याच रात्री विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ बदलून दिली. दुसऱ्या एका वेळी वजन तीन सकाळी चढत गेलं. तिला काही त्रास जाणवत नव्हता, ती म्हणत होती, “उगाच डॉक्टरांना त्रास नका देऊ.” वही म्हणत होती, फोन करा. फोन केला, पाणी उतरवण्याची गोळी वाढवली, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. पुढे ती दिवाळी तिनं घरी केली. चकलीचं पीठ स्वतः तिंबलं नाही, पण खुर्चीवर बसून सूचना भरपूर दिल्या.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. वहीनं मृत्यू थांबवला नाही, तसा दावा मी करणार नाही. पण जे दिवस मिळाले ते घाबरत घाबरत काढावे लागले नाहीत. आज काय करायचं होतं आणि ते झालं की नाही, हे रोज रात्री आम्हा दोघांना माहीत असायचं. त्यानंतरचे महिने मात्र कठीण होते. रात्री नऊ वाजले की हात वहीकडे जायचा आणि लिहायला काही नसायचं. मग मी पाचऐवजी दोनच कामं लिहायला लागलो. तुळशीला पाणी. एका माणसाला फोन. दोन कामांची का होईना, बरोबरची खूण झाली की दिवस बंद करता यायचा. इथे बसलेल्यांपैकी काहीजण अशाच दिवसांतून जात असतील. त्यांना मी एवढंच सांगेन, मोठी यादी करू नका. दोन ओळी पुरतात.

सोसायटीची मुदतवही

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा. गेली २५ वर्षं ही सोसायटी कशावर चालली? नियमांवर, बैठकांवर, हे तर खरंच. पण बरंचसं चाललं ते चार-पाच माणसांच्या स्मरणशक्तीवर. पाण्याच्या टाक्या कधी धुवायच्या, लिफ्टचा देखभाल करार कधी संपतो, कुठली ठेव कुठल्या बँकेत आहे, हे त्यांना तोंडपाठ. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातले एकजण अचानक आजारी पडले आणि त्याच सुमारास पंप बंद पडला. देखभालीचा करार महिन्यापूर्वीच संपला होता आणि कागद त्यांच्या घरच्या कपाटात. तीन दिवस टँकर. दोष त्यांचा मुळीच नव्हता. ज्यांनी इतकी वर्षं विनामोबदला आपली काळजी वाहिली, त्यांच्या डोक्यात आपण सगळी सोसायटी ठेवली होती, हीच अडचण.

समितीची मुदत ५ वर्षांची. माणसं बदलणार, बदललीच पाहिजेत. म्हणून माझा प्रस्ताव आहे की कार्यालयात सोसायटीची एक पक्क्या बांधणीची मुदतवही असावी. त्यात किमान एवढं असावं : वार्षिक सर्वसाधारण सभा, जी ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी. त्याआधीचं लेखापरीक्षण. जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं अग्निसुरक्षेचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र. लिफ्ट, पंप आणि जनरेटरचे करार. टाक्यांची सफाई. इमारतीचा विमा. सिंकिंग फंडाच्या ठेवींच्या तारखा. मालमत्ता कर. आणि संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी करायचं असतं. आपली इमारत २५ वर्षांची आहे. म्हणजे आणखी ५ वर्षांनी नियम बदलणार. ही नोंद आज कुठे आहे? माझ्या डोक्यात. आणि माझं वय तुम्हाला माहीत आहे!

दर महिन्याच्या समिती सभेत पहिला विषय ही वही. प्रत्येक नोंदीला तीनच गती : झालं, पुढची तारीख, किंवा रद्द. पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या तरुण सभासदानं ती संगणकावर घेतली तर दुधात साखर. फक्त एक प्रत कागदावर राहू द्या, कारण पासवर्ड हीसुद्धा एकाच माणसाच्या डोक्यात राहणारी गोष्ट आहे.

तरुण मित्रांनो, तुमच्या ऑफिसात यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर असतात हे मला ठाऊक आहे. मोबाईल वापरा, वही वापरा, साधन कुठलंही चालेल. पण खुणांची संख्या म्हणजे दिवस नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पाचांपैकी तीन कामं झाली आणि दोन तारीख घालून पुढे गेली, तरी मेळ बसलेला असतो. कॅशियर तिजोरी बंद करून घरी जातो तेव्हा तिजोरी भरलेली असते असं नाही. हिशोब जुळलेला असतो. ऑफिसचा दिवस असा बंद करून आलात तर रात्री जेवताना मुलांशी बोलायला तुम्ही खरोखर घरी असाल.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, “तुमचं कुठलं काम खूप दिवस राहिलंय?” मग ते त्यांच्याबरोबर करा. कागदावर बरोबरची खूण मात्र तुम्ही करायची.

उत्सव समितीनं मला पंचवीस मिनिटं दिली होती. घड्याळ सांगतंय की मी वेळेत आहे. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला आमच्यातले किती असतील सांगता येत नाही, पण त्या दिवशी कार्यालयातली मुदतवही उघडली तर तिच्यात कालपर्यंतची नोंद असावी, एवढी इच्छा आहे. सर्व कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.